खांबोजीच्या पायाचं माप

४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. खोली तीच, प्रेक्षकांच्या स्टँडखालची, दुसऱ्या मजल्यावरची. खिडकी उघडली की समोर गवत. नऊ वर्षांत पलंगाला माझ्या पाठीचा खड्डा पडलाय. तू दर वेळी स्वतंत्र घर घे म्हणून मागे लागतेस, पण मैदानापासून पलंगापर्यंत एकशे चाळीस पावलं आहेत. मोजलीत मी. याहून जवळचं घर कोण देणार?

बातमी अशी की यंदा दंडावर कॅप्टनची पट्टी आली. करारही आणखी दोन वर्षांनी वाढला. सही करताना प्रशिक्षक म्हणाले की खांब हलला तर छप्पर कुणी धरायचं. बत्तिसाव्या वर्षी फुटबॉलच्या बचावपटूला असं कुणी म्हणत नाही, तेव्हा मी मुकाट्यानं सही केली. बाबांना सांग, त्यांची छाती फुगू दे.

काल डोक्याची तपासणी झाली. डॉक्टरीणबाई पडद्यावर पंधरा शब्द दाखवतात, मग दहा मिनिटांनी आठवतील तेवढे सांगायचे. मोसमात कुणाचं टाळकं शेकलं की हीच तपासणी पुन्हा होते आणि पहिल्या वर्षीच्या गुणांशी ताडून बघतात. गुण फार घसरले तर बाहेर बसा. म्हणून इथले जुने खेळाडू नव्यांना पहिल्याच दिवशी कानमंत्र देतात की पहिल्या तपासणीत ढ व्हायचं. मला तेव्हा तेरा शब्द येत होते, मी सहाच सांगितले. आता कितीही आदळलो तरी सहा कुठे जात नाहीत! कालही सात आले. डॉक्टरीणबाई खूश.

इथल्या माळ्यानं कुत्रा पाळलाय. तो बूट पळवतो, पण फक्त डावे. आठवड्यात पाच डावे बूट गेले, उजव्याला तोंडही लावलं नाही. आमचा डावखुरा विंगर म्हणतो, या कुत्र्याला खेळातलं कळतं.

फोनवर बाबांना काही ऐकू जात नाही, म्हणून त्यांच्या वाटणीचंही यातच लिहिलंय. कानाशी बसून वाच.

लोभ आहे तेवढा राहू दे, सल्ले थोडे कमी कर.
तुझा,
खांबोजी


१७ ऑगस्ट

चि. खांबोजीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. मी वाचलं म्हणजे बाबांनी, वरच्या मजल्यानं आणि समोरच्या न्हाव्यानंही ऐकलं. कॅप्टन झाल्याचं न्हाव्यानं परस्पर गल्लीत सांगून टाकलं. ढ असण्याचं सोंग तुला फार जड गेलं नसेल, पण मला तो प्रकार आवडला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सल्ले कमी कर म्हणालास, म्हणून एवढ्यावरच थांबते.

छापखान्यात माझं बरं चाललंय. सध्या भूगोलाच्या पाठ्यपुस्तकाची प्रूफं तपासते आहे. एक अख्खा परिच्छेद दुबार आला होता, तीन जणांच्या हातून सुटला आणि मला सापडला. मालकांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. तुला पट्टी मिळाली, मला चहा मिळाला.

बाबांनी जोड्यांचं दुकान बंद केलं तरी आरी आणि चामडं कापायची रापी खोलीत आणून ठेवली आहे. हात शिवशिवतात त्यांचे. तुझ्यासाठी घरात घालायच्या सपाता करायच्या म्हणतात. तुझ्या पायाचा जुना लाकडी फर्मा आहे, पण बूट घालून घालून तुझा पाय पसरला असणार. तेव्हा उजवा पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरव आणि तो कागद पाठव. पेन्सिल उभी धर, तिरकी नको, असा खास निरोप आहे.

प्रकृतीला जप. रागावलास तरी लिहीत राहा.
तुझी,
ताई


६ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत पायाचा कागद आहे. पेन्सिल उभी धरली होती. करंगळीपाशी हललो, ते बाबा समजून घेतील.

परवाच्या सामन्यात कॉर्नरवर उडी मारली आणि समोरच्याचं डोकं माझ्या कानशिलावर बसलं. थोडा वेळ सगळं पांढरं दिसलं. चेंडू मात्र बाहेर गेला. डॉक्टरीणबाईंनी लगेच ते पंधरा शब्द काढले. सहा सांगितले. सहा म्हणजे माझा नेहमीचा आकडा, म्हणून पुढच्या शनिवारी मी मैदानात. तू काळजी करत बसू नकोस. बाबांच्या चेंडूवर डोकं घडलेल्या माणसाला हे किस झाड की पत्ती! दुकानामागच्या खोलीत हुकाला टांगलेला तो चेंडू आठवतो ना? शंभर वेळा डोक्यानं मारल्याशिवाय ताट मिळायचं नाही, आणि तू मोजताना मुद्दाम ऐंशीवरून थेट पंच्याण्णववर जायचीस, मला भूक लागलेली बघून.

ती माया अजून शिल्लक असेल, तर दोन ओळी लवकर लिही.
तुझा,
खांबोजी


३० सप्टेंबर

चि. खांबोजीस,
अनेक आशीर्वाद.

सपाता आज टपालानं पाठवल्या. तपकिरी चामडं, आतून मऊ लोकर, टाचेला दुहेरी शिवण. अंगठ्यापाशी बाबांची नेहमीची खूण आहे, तीन टाक्यांची. करंगळीपाशी तू हललास ते त्यांनी एका नजरेत ओळखलं आणि तेवढं कातडं आत घेतलं. आठ दिवस घरात खळीचा वास होता आणि बाबा बऱ्याच महिन्यांनी गुणगुणत होते.

मिळाल्याचं कळव, ते रोज विचारतात.
तुझी,
ताई


२१ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. सामने चाललेत, आम्ही पाचव्या स्थानावर आहोत.

एक गंमत सांगायची राहिलीच. इथल्या माळ्यानं कुत्रा पाळलाय. तो बूट पळवतो, पण फक्त डावे. आठवड्यात पाच डावे बूट गेले, उजव्याला तोंडही लावलं नाही. आमचा डावखुरा विंगर म्हणतो, या कुत्र्याला खेळातलं कळतं.

बाबांनी मागितलेला पायाचा कागद सोबत जोडला आहे. उशीर झाला, रागावू नका म्हणावं. पेन्सिल उभीच धरली होती. आणि हे त्यांना सांगू नकोस, पण सध्या मी कुणीतरी दिलेल्या सपाता घालतो. तपकिरी आहेत, आतून लोकर आहे, फार छान बसतात. दुसऱ्याच्या हातच्या घातल्या म्हणून त्यांना वाईट वाटायचं. त्यांच्या आल्या की या काढून टाकीन.

लोभात खंड नको.
तुझा,
खांबोजी


२ नोव्हेंबर

चि. खांबोजीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी आधी स्वतः वाचत नाही, फोडते आणि थेट बाबांच्या कानाशी सुरू करते. कुत्र्यापाशी आले तेव्हा वाटलं की चुकून जुनंच पत्र हाती आलं. तारीख पाहिली. मग सपातांची ती ओळ वाचून मोकळी झाले, आणि काय वाचलं ते नंतर कळलं.

 बाबांनी पायाचा दुसरा कागद मागून घेतला, पहिल्यावर ठेवून उजेडात धरला. दोन्ही पाय तंतोतंत सारखे, फक्त करंगळी या वेळी हलली नव्हती. मग त्यांनी चामडं काढलं आणि दुसरा जोड कापायला बसले. मी म्हटलं, बाबा, अहो आधीचा पोचलाय त्याला. तर म्हणाले की पोराला वाटतंय पाठवायचा राहिलाय, तर पाठवायचा. माझा चष्मा धुरकटला, मी आत गेले.

आता नीट ऐक. मी जुनी पत्रं काढून बसले. दुबार मजकूर शोधणं हा माझा धंदा आहे. गेल्या मोसमात तू एकच गोष्ट दोन पत्रांत तीनदा लिहिली आहेस, आणि ते मी थट्टेवारी नेलं. मार्चमध्ये माझ्या छापखान्यात नवीन काय असं विचारून पुढच्याच पानावर पुन्हा तेच विचारलंस. डोक्याला मार बसतोय आणि तू सहा शब्दांचा हिशेब सांगतोस! खांबोजी, डॉक्टरीणबाईंकडे जा आणि सगळं खरं सांग. हा सल्ला नाही, मी हात जोडते.

वाट पाहते.
ताई


१५ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून डोकं भडकलं. एक कुत्रा दोनदा काय लिहिला, तू मला वेड्यात काढलंस. सामन्यात मी एकही चूक केलेली नाही, वर्तमानपत्रं बघ. भूगोलाच्या पुस्तकासारखं माझ्या पत्रांवर लाल शाई घेऊन बसायचा अधिकार तुला कुणी दिला?

वरचं सकाळी लिहिलं. फाडणार होतो, पण राहू दे. आता दुपार आहे.

खरं सांगतो. मैदानात मी ठीक असतो. पायांना सगळं पाठ आहे. समोरच्याच्या चेंडूकडे बघायचं नाही, कमरेकडे बघायचं, कंबर खोटं बोलत नाही. पुढे सरका असं मी ओरडलो की चौघं एका रेषेत सरकतो. पण त्या तिघांची नावं मी मनगटाच्या चिकटपट्टीवर लिहून जातो. शिट्टी वाजली आणि खेळ संपला की पंचाईत सुरू. गेल्या मंगळवारी सरावानंतर एकशे चाळीस पावलं चालून मी जिन्यावर उभा राहिलो आणि वर जायचं की खाली ते कळेना. बसून राहिलो. आमचा गोलकीपर आला, त्याला वाटलं मी त्याचीच वाट बघतोय. मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. विसरायला होतंय म्हणून सांगितलं. त्यांनी तपासणी घेतली, सहा शब्द आले. या वेळी मी जीव तोडून आठवत होतो, ताई. सोंग नव्हतं. तेवढेच आले. त्यांनी कागद पुढे करून दाखवला की नऊ वर्षांत एका शब्दाहून जास्त फरक नाही, ही दमणूक आहे, झोप काढ. दाराला आतून कडी मीच घातली होती, आणि आता बाहेरच्यांना ते दार उघडंच दिसतंय.

लबाडी कबूल करायची तर आधी मीच खोटा ठरतो. माझ्याबरोबर बाकीच्यांचंही बिंग फुटतं, त्यातले चौघे माझ्याच भरवशावर खेळतात. प्रशिक्षक रोज खांद्यावर हात ठेवून दोन वर्षांच्या गोष्टी करतात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि सोडून करू काय? चौदाव्या वर्षापासून मला दुसरं काही येत नाही. चेंडू आला की डोकं पुढे करायचं, एवढं येतं.

तुझ्याकडची पत्रं जाळून टाक. माझी शपथ आहे.
लोभ मागायला तोंड नाही.
खांबोजी


२४ नोव्हेंबर

चि. बाळास,
बाबांचा आशीर्वाद.

अक्षर मोठं आहे, दोन दिवस लागले. समजून घे.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. हुकाला टांगलेला तो चेंडू नुसता हवेचा नव्हता. मी त्याची शिवण उसवून आत चामड्याच्या कातरणी ठासल्या होत्या. मला वाटलं, घरी जड चेंडूची सवय झाली की मैदानातला हलका लागेल. नवा जोड दुकानात थोडा घट्टच द्यायचा म्हणजे पुढे सैल होत नाही, त्यातला प्रकार. चामड्याचं मला कळतं, डोक्याचं कळत नव्हतं. तू रडायचास तेव्हा मी म्हणायचो की सवय होईल.

तुझी चूक नाही. शंभर मी मोजायला लावले.

परवा स्टुलावर चढून तो दोर कापला. ताई ओरडली, पडला असता म्हणाली. चेंडू उसवून आतल्या कातरणी काढल्या, टोपलीभर निघाल्या.

दुसरा जोड तयार आहे. तिसरा मागितलास तर तोही करीन. मला काही काम नाही. पण तू आता डोक्यानं मारू नको रे.

बाबा


२६ नोव्हेंबर

चि. खांबोजीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी शपथ मोडली. पत्रं जाळली नाहीत. अकरा निवडून या पुडक्यात घातली आहेत, जुनी सहा आणि अलीकडची पाच. जिथे जिथे मजकूर दुबार आहे तिथे लाल शाईनं खूण केली आहे. पायाचे दोन्ही कागदही आहेत. जुन्या पत्रांत तू पाच वर्षांपूर्वीचे गोल मिनिटासकट सांगतोस. सहा शब्दांच्या माणसाला हे जमत नाही, डॉक्टरीणबाईंना ते दिसेल. तुझी खरी पहिली तपासणी माझ्या जोड्याच्या खोक्यात होती.

मी हे परस्पर त्यांना पाठवू शकले असते. दोनदा पत्ता लिहिला आणि फाडला. तुझ्या आयुष्यावर तुझ्यामागे कुणी शाई चालवू नये. टेबलावर ठेवायचं तर तूच ठेव.

आता माझा गुन्हा. सगळ्यांत खालचं पत्र तुझं पहिलं आहे, चौदाव्या वर्षी प्रशिक्षण शाळेतून लिहिलेलं. तेव्हा मी पत्रं आधी वाचून मग बाबांना वाचून दाखवत असे. त्या दिवशी त्यांनी संघातला तुझा फोटो दुकानाच्या फळीवर ठोकला होता, येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवत होते. तुझ्या पत्रात शेवटी एक ओळ होती. ती मी वाचली नाही. त्यांचा चेहरा पाहून गाळली. आठ दिवसांनी तुला सवय होईल असं मलाही वाटलं. तुझं दुसरं पत्र आलं त्यात तसं काही नव्हतं, आणि मी सुटले असं समजले. तेव्हापासून तुझं पत्र आधी वाचत नाही, समोर येईल ते मोठ्यांदा वाचते. ही ओळ बाबांना अजून ठाऊक नाही. लाल खूण तिथे करायला हात झाला नाही.

क्षमा कर असं लिहिणार होते. नको करूस, पण ये.
तुझी,
ताई


९ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र गोलकीपर शेजारी बसून वाचतोय आणि मी एकच गोष्ट पुन्हा लिहिली की कोपर मारतोय. आतापर्यंत दोनदा मारलं.

पुडकं आलं ते तीन दिवस उघडलं नाही. शनिवारी सामन्याआधी उघडलं. जुनी पत्रं वाचताना वाटलं, हा पोरगा हुशार होता, मला भेटायला आवडलं असतं. मग दोन कुत्रे शेजारी शेजारी ठेवले. ताई, दुसरा कुत्रा लिहिल्याचं मला अजूनही आठवत नाही. अक्षर माझं आहे एवढंच.

बूट घातले होते. तसाच डॉक्टरीणबाईंकडे गेलो, सगळं टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की पहिल्या वर्षीचे सहा शब्द खोटे होते, तेरा येत होते. त्यांनी पत्रं वाचायला घेतली. बाहेर सामना सुरू झाला. पट्टी दुसऱ्या कुणाच्या दंडावर होती. प्रेक्षकांचा आवाज खोलीत येत होता, आणि कॉर्नर मिळाला की माझी मान आपोआप ताठ व्हायची. वाचून झाल्यावर त्यांनी पत्रं पुन्हा घडीत घातली. मग म्हणाल्या की मी तुझा कागद बघत राहिले, तुझ्याकडे बघितलं नाही. नाव यादीतून काढलं. प्रशिक्षक दोन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. बाकीच्या खेळाडूंनाही पुन्हा खरी तपासणी द्यायला लावली आहे, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर माझ्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्या असतात. गोलकीपर तेवढा बसतो. आपण कितीतरी गोल एकत्र अडवलेत, असं म्हणतो.

बरं होईल का, तर मोठ्या दवाखान्यात पाहतील. गेलेलं परत येईल असं कुणी म्हणालं नाही. आणखी जाऊ नये म्हणून थांबायचं. मोकळं वाटेल असं समजलो होतो, ते काही वाटत नाही. खिडकीतून गवत दिसतं आणि त्यावर पाय ठेवायचा नाही.

बाबांना सांग, त्यांच्या पत्राचा राग आला नाही. चेंडू जड होता हे मला तेव्हाही कळत होतं. ते बघत असायचे म्हणून मारायचो. सपाता घालूनच बसलोय. तीन टाके आहेत अंगठ्यापाशी. कुणाच्या हातच्या ते आज पक्कं ठाऊक आहे, उद्यासाठी गोलकीपरनं आतल्या बाजूला लिहून ठेवलंय.

आता कामाचं. मी एकट्यानं प्रवास करायचा नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. वाटेत दोनदा गाडी बदलावी लागते, तिथे मी चुकेन. तेव्हा खालची ओळ लिहितो आहे. ती दुबार आहे, अठरा वर्षांपूर्वी एकदा येऊन गेलेली. मी त्या पत्रातून बघून उतरवली आहे. तिच्यावर काट मारू नकोस. बाबांच्या उजव्या कानाशी बस, आणि वरच्या मजल्यानं ऐकलं तरी चालेल, पण या वेळी मोठ्यांदा वाच.

बाबा, मला इथे राहायचं नाही. येऊन मला घरी न्या.

तुमचा,
खांबोजी